शिकाऊ उमेदवार आहेत, शिकवणारे कुठे आहेत?

यवतमाळ जिल्ह्याच्या ज्या भागातून चंद्रपूर आणि तेलंगण दोन्ही जवळ पडतात, तिथल्या एका शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मी वीजतंत्री व्यवसायाचा शिल्पनिदेशक, म्हणजे प्रशिक्षक, आहे. आमच्याकडे येणारी मुले बहुतेक कोरडवाहू शेतकऱ्यांची आणि शेतमजुरांची असतात. दोन वर्षांचा अभ्यासक्रम संपून निकाल लागला की त्यांच्या घरच्यांचा पहिला प्रश्न नोकरीचा नसतो. ‘सर, अप्रेंटिसला नंबर कुठे लागेल?’ हे ते आधी विचारतात. अप्रेंटिस म्हणजे एखाद्या आस्थापनेत विद्यावेतनावर करायची शिकाऊ उमेदवारी. त्यांचा प्रश्न रास्त आहे. संस्थेच्या कार्यशाळेत आम्ही मुलाला वायरिंग, मोटारीचे रिवाइंडिंग, स्टार्टरची जोडणी आणि मापनयंत्रे हाताळणे शिकवू शकतो. पण अकरा हजार व्होल्टच्या वाहिनीवर काम कसे करतात, हे कार्यशाळेच्या चार भिंतींत दाखवता येत नाही. त्यासाठी त्याने जिथे ती वाहिनी आहे तिथे, ती रोज हाताळणाऱ्या माणसाच्या शेजारी काही काळ उभे राहणे आवश्यक असते आणि शिकाऊ उमेदवारीचे सारे मोल या शेजारी उभे राहण्यात आहे.

पुणे, चाकण किंवा वाळूजच्या मुलाला असा शेजार खासगी कारखान्यात मिळतो. आमच्या तालुक्यात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आहेत, पण ते कापसाच्या हंगामापुरते चालतात. बाकी दोन-तीन वेल्डिंगची दुकाने, विजेच्या मोटारींचे रिवाइंडिंग करून देणारे एखादे दुकान, ट्रॅक्टरची गॅरेजे आणि दाल मिल. शिकाऊ उमेदवार नेमण्याची सक्ती कायद्याने ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांवर आहे. चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनांना ते ऐच्छिक आहे. आमच्याकडची बहुतेक दुकाने या ऐच्छिक मर्यादेच्याही खाली राहतात. त्यामुळे ग्रामीण विदर्भातल्या मुलासाठी मोठी, कायम चालणारी, यंत्रसामग्री असलेली आस्थापना म्हणजे बहुतेक वेळा सार्वजनिक क्षेत्रातलीच असते : महावितरणचे विभाग आणि उपविभाग, एसटीच्या विभागीय कार्यशाळा आणि आगारे, वणी-माजरी-बल्लारपूर-उमरेड पट्ट्यातल्या वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी, चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा आणि पारसची औष्णिक वीज केंद्रे, भंडारा, चांदा आणि अंबाझरीच्या आयुधनिर्माणी, भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतल्या मॉइलच्या मँगनीज खाणी, नागपूरच्या मोतीबागेतली रेल्वेची कार्यशाळा. गडचिरोलीत अलीकडे खासगी पोलाद उद्योग येत आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण आजघडीला मी मुलांना ज्या जाहिराती वाचून दाखवतो, त्या बहुतांशी या सरकारी आणि निमसरकारी आस्थापनांच्याच असतात.

ही परिस्थिती आपोआप झालेली नाही. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ साली संमत झाला आणि विदर्भातल्या आयुधनिर्माणीही त्याच दशकात उभ्या राहिल्या. कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण १९७३ साली झाले, वेस्टर्न कोलफील्ड्स १९७५ साली स्थापन झाली आणि त्याच सुमारास कोराडीचे वीज केंद्र सुरू झाले. त्या काळी आसपासच्या गावांत जोडारी (फिटर), कातारी (टर्नर) किंवा संधाता (वेल्डर) म्हणून तयार माणूस मिळणे दुरापास्त होते. आस्थापनांना माणसे हवी होती, ती बाजारात नव्हती, म्हणून त्यांनी ती स्वतः घडवली. आज चंद्रपूर-भद्रावतीकडे ज्या वयस्कर कारागिराच्या हाताला लोक नावाजतात, त्याच्याकडे चौकशी केली तर तो बहुधा यांपैकीच एखाद्या ठिकाणी शिकलेला निघतो. त्यातले अनेकजण त्या आस्थापनेत राहिले नाहीत. त्यांनी गावात दुकान टाकले, पंप दुरुस्त केले, पुढच्या पिढीतल्या दोन-चार पोरांना हाताशी घेतले. सार्वजनिक आस्थापनेने शिकवलेल्या मुलाचा लाभ त्या आस्थापनेलाच झाला पाहिजे असे नाही. खासगी मालकाला हे परवडत नाही, कारण आपण शिकवलेला मुलगा शेजारच्या कारखान्यात गेला तर त्याचा खर्च वाया जातो. सार्वजनिक आस्थापनेच्या बाबतीत तो मुलगा जिल्ह्यात कुठेही गेला तरी जनतेचा पैसा जनतेच्याच कामी आलेला असतो. सार्वजनिक क्षेत्राने आपल्या गरजेपेक्षा अधिक शिकाऊ उमेदवार घ्यावेत, असे मला वाटते ते याच कारणाने.

विदर्भात याला आणखी एक बाजू आहे. या खाणी आणि वीज केंद्रे ज्या जमिनीवर उभी आहेत, ती कुणाची तरी शेती होती. कोळसाधारक क्षेत्र अधिनियम १९५७ खाली गावेच्या गावे संपादित झाली. ज्याच्या आजोबाचे वावर खाणीत गेले, त्या मुलाला त्या खाणीच्या कार्यशाळेत एक वर्ष नीट शिकायला मिळावे, ही अपेक्षा उपकाराची म्हणता येणार नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. गेल्या काही वर्षांत शिकाऊ उमेदवारांच्या जागा वाढल्या, विद्यावेतन वाढले, नोंदणी ऑनलाइन झाली, करारनामे पोर्टलवर होऊ लागले. हे सगळे झाले आणि ते व्हायलाच हवे होते. परंतु ज्याच्या शेजारी मुलाने उभे राहायचे तो माणूस या काळात कमी होत गेला आणि त्याची मोजदाद कोणत्याही पोर्टलवर होत नाही.

कायद्यातला एक बदल इथे समजून घेण्यासारखा आहे. २०१४ च्या दुरुस्तीपूर्वी शिकाऊ उमेदवारांची संख्या व्यवसायवार ठरत असे : त्या त्या व्यवसायात अकुशल कामगार वगळता जितके कामगार आहेत, त्यांच्या विशिष्ट प्रमाणात त्या व्यवसायाचे शिकाऊ उमेदवार. म्हणजे आस्थापनेत जोडारी किती आहेत हे पाहून जोडारी व्यवसायाच्या जागा निघत. ही पद्धत किचकट होती, मालकांना जाचक वाटत होती आणि कायद्यात कारावासाची तरतूद असूनही जागा रिकाम्या राहत होत्या. म्हणून दुरुस्ती करताना कारावास काढून टाकला, दंड ठेवला आणि संख्या एकूण मनुष्यबळाच्या टक्केवारीवर आणली. आधी ती अडीच ते दहा टक्के होती, २०१९ च्या नियमांनी वरची मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत नेली आणि या एकूण मनुष्यबळात कंत्राटी कामगारही धरले जातात. दोन हजार माणसांची आस्थापना असेल तर तिला किमान ५० आणि कमाल ३०० शिकाऊ उमेदवार घेता येतात. हिशेब सोपा झाला आणि जागा वाढायला वाव मिळाला, हे मान्यच आहे. पण जुन्या पद्धतीत जो एक धागा होता, शिकणाऱ्यांची संख्या शिकवू शकणाऱ्यांच्या संख्येला बांधून ठेवणारा, तो या बदलात तुटला. दोन हजारांतले बाराशे कंत्राटी असले तरी किमान संख्या ५० च राहते. शिकवण्याची जबाबदारी मात्र उरलेल्या आठशेंवर येते आणि त्या आठशेंतले बरेच जण कार्यालयात बसणारे असतात.

कंत्राटी कामगाराला काम येत नाही, असे मी मुळीच म्हणत नाही. आमच्याच संस्थेतून गेलेली कितीतरी मुले आज बाह्यस्रोत कर्मचारी म्हणून खांबावर चढतात आणि उत्तम काम करतात. पण ज्याचे स्वतःचे कंत्राट पुढच्या वर्षी राहील की नाही याची खात्री नाही, एजन्सी बदलली की ज्याला पुन्हा पहिल्यापासून कागदपत्रे द्यावी लागतात, त्याने कोणत्या मनाने दुसऱ्याला शिकवावे? समोर उभा असलेला शिकाऊ मुलगा उद्या आपल्याच जागेवर येईल, ही भीती त्याला वाटली तर तिला चूक म्हणता येत नाही. शिवाय त्याला शिकवण्याचा अधिकारही कुणी दिलेला नसतो. शिकाऊ उमेदवाराच्या कामाच्या नोंदीवर त्याची सही चालत नाही.

शिकवणे म्हणजे नेमके काय होते, हे एका उदाहरणावरून सांगतो. अकरा केव्हीच्या, म्हणजे अकरा हजार व्होल्टच्या, वाहिनीवर जंपर (दोन तारांना जोडणारा तुकडा) तुटला आहे आणि तो जोडायचा आहे. पुस्तकात याची कृती सहा-सात ओळींत संपते. प्रत्यक्षात लाइनमन आधी उपकेंद्रातल्या ऑपरेटरकडून परमिट, म्हणजे बंद वाहिनीवर काम करण्याची परवानगी, घेतो; फीडर बंद केल्याची वेळ आणि परमिटचा क्रमांक वहीत उतरवतो; मग जागेवर येऊन एबी स्विच (वाहिनी तोडणारा खांबावरचा स्विच) उघडतो आणि हँडल खाली आले म्हणून समाधान न मानता मान वर करून तिन्ही फेजची पाती खरोखर सुटली आहेत का, हे पाहतो. हँडल फिरते आणि एक पाते अडकून राहते, असे होते. ते पाहिले नाही तर माणूस जातो. त्यानंतर डिस्चार्ज रॉड, म्हणजे तारेत उरलेली वीज जमिनीत उतरवणारी दांडी. त्याचे अर्थिंगचे टोक आधी जमिनीकडे पक्के करायचे आणि मगच आकडा तारेवर टाकायचा. काढताना उलट, आधी तारेवरून आकडा आणि शेवटी अर्थिंग. हा क्रम माझे विद्यार्थी परीक्षेत अचूक लिहितात. पण पावसाळ्यात, गावाचे पाणी बंद आहे, सरपंचाचे फोनवर फोन येत आहेत, अंधार पडत आला आहे, अशा वेळी तो क्रम न मोडणारा माणूस त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला असेल तरच तो त्यांच्या अंगात उतरतो. बंद केलेल्या वाहिनीतही कुणाच्या जनरेटरचा उलटा प्रवाह येऊ शकतो, वरून जाणारी दुसरी वाहिनी असू शकते, हे तो माणूस बोलता बोलता सांगतो. आणि कधीकधी ‘आज परमिट मियालं नाही, मी चढत नाही’ असे अधिकाऱ्याला तोंडावर सांगतानाही मुलगा त्याला पाहतो. असे सांगण्याची ताकद कायम नोकरीतून आलेली असते.

कायद्याने या धोक्याची दखल घेतली आहे. शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नसतो. तरीही आरोग्य, सुरक्षितता आणि कल्याण यांबाबत कारखान्यात कारखान्यांसाठीच्या आणि खाणीत खाणींसाठीच्या कायद्याच्या तरतुदी त्याला कामगारासारख्याच लागू होतात आणि इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते. हे माहीत असलेला पालक मला क्वचितच भेटतो. मी निरोप समारंभात हार-तुरे आटोपते घेऊन ही कलमे वाचून दाखवतो, कारण करारनाम्यावर सही करताना मुलाला आपण कशावर सही करतो, हे ठाऊक असले पाहिजे.

एका कार्यालयात आमच्या एका विद्यार्थ्याच्या बाबतीत जे घडले ते लिहिल्यावाचून राहवत नाही. गुणवत्ता यादीत वर असलेला, हाताने चलाख मुलगा. त्याला पहिल्या आठवड्यात सांगण्यात आले की बाहेर माणसे कमी आहेत, तू टेबलावर बस. त्याने वर्षभर वीजबिलांच्या तक्रारी नोंदवल्या, झेरॉक्स काढल्या, साहेबांच्या फायली तालुक्याला पोहोचवल्या. परीक्षा जवळ आली तेव्हा कामाची नोंदवही कोरी होती. मग दुसऱ्या एका मुलाची वही आणून ती दोन रात्रींत उतरवली गेली आणि तिच्यावर सह्याही झाल्या. मुलगा परीक्षा पास झाला, त्याला राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र मिळाले. नंतर तो मला भेटायला आला आणि म्हणाला, ‘सर, मले आजही डीपीपाशी एकट्याले भेव वाटते.’ त्या कार्यालयातला कुणी दुष्ट नव्हता. तिथे मंजूर पदे रिकामी होती, आहे त्या दोन-तीन लाइनमनांकडे पंचवीस-तीस गावे होती आणि शिकवण्यासाठी कुणालाही वेळ नेमून दिलेला नव्हता. या मुलाने ज्या वर्षी शिकायचे, ते वर्ष त्याला परत मिळणार नाही, याची खंत मात्र मला अजूनही आहे.

याच्या अगदी उलट चित्र मी एसटीच्या एका कार्यशाळेत पाहिले आहे. तिथे निवृत्तीला आलेले एक मेकॅनिक काका होते. ब्रेकच्या शूवर नवे लायनिंग रिवेटने बसवले की ते शू हातात धरून छोट्या हातोडीने ठिकठिकाणी ठोकत आणि शिकाऊ मुलांना जवळ बोलावून म्हणत, ‘डोयानं नको पाहू, कानानं आयक.’ रिवेट घट्ट असला की आवाज खणखणीत येतो, ढिला असला की बसका. मुले ऐकत, चुकत, पुन्हा ऐकत. एखादा शू त्यांनी मुद्दाम ढिला ठेवलेला असे आणि तो कोणता हे ओळखल्याशिवाय पोरांना चहाला सोडत नसत. पन्नास माणसे बसलेली बस घाटातून उतरणार आहे, हे ते कधी बोलून दाखवत नसत. पण ते कार्यशाळेतल्या प्रत्येकाला माहीत होते. त्यांच्या हाताखालून गेलेला एक मुलगा आज दारव्ह्याच्या रस्त्यावर स्वतःचे गॅरेज चालवतो. असे काका निवृत्त होतात तेव्हा त्यांच्या जागेबरोबर एक अख्खी शाळा बंद होते आणि ती जागा वर्षानुवर्षे भरली गेली नाही तर पुढे शिकवायला कुणी उरत नाही. रिक्त पदांची चर्चा आपण नेहमी बेरोजगारीच्या अंगाने करतो. प्रशिक्षणाच्या अंगानेही ती व्हायला हवी.

विद्यावेतनाबद्दल थोडेसे. २०१९ च्या नियमांनुसार आयटीआय उत्तीर्ण शिकाऊ उमेदवाराला पहिल्या वर्षी दरमहा किमान ७,००० रुपये ठरवले गेले. झरी जामणी किंवा मारेगावच्या मुलाचा नंबर यवतमाळला किंवा चंद्रपूरला लागला तर खोलीचा किराया, मेसचा डबा आणि महिन्यातून एकदा घरी जाण्याचे भाडे यांतच ते संपते. राज्य शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तिच्यात आयटीआय किंवा पदविकाधारकाला दरमहा ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये देऊ केले. ती योजना आधी सहा महिन्यांची होती, पुढे अकरा महिन्यांपर्यंत वाढली. घरापासून जवळच्या कार्यालयात, शाळेत किंवा ग्रामपंचायतीत बसून मिळणारी ही रक्कम गरजू घराला मोलाची आहे आणि ती घेणाऱ्या मुलाला मी कधी नावे ठेवली नाहीत. पण त्या योजनेत व्यवसायाची परीक्षा नाही आणि हातात कसब येईल अशी रचना नाही. ज्याला खांबावर, खाणीत किंवा यंत्राखाली शिकायचे आहे त्याच्यासाठीची किमान रक्कम टेबलाजवळ बसणाऱ्याच्या रकमेपेक्षा कमी असावी, ही विसंगती दूर करणे राज्याच्या हातात आहे. किमान रकमेहून अधिक देण्यास सार्वजनिक आस्थापनांना कायद्याची आडकाठी नाही.

निवासाचा प्रश्न तर थोड्या खर्चात सुटण्यासारखा आहे. वीज केंद्रांच्या आणि खाणींच्या वसाहतींत फिरताना कुलूप लागलेली, गवत वाढलेली क्वार्टर्स कुणालाही दिसतात. कायम कर्मचारी घटले तशी ती रिकामी होत गेली. त्यांतली काही डागडुजी करून शिकाऊ उमेदवारांना दिली तर दूरच्या तालुक्यातल्या मुलांची सोय होईल आणि मुलींची तर सर्वांत आधी होईल. राज्यातल्या आयटीआयमध्ये ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव असतात. माझ्या वर्गात वीजतंत्री शिकणाऱ्या मुली दरवर्षी असतात आणि त्या कामात मागे नसतात. त्यांची शिकाऊ उमेदवारी अडते ती राहण्याच्या जागेपाशी, आणि कार्यशाळेत स्वच्छतागृह नसण्यापाशी. बाप सांगतो, ‘सर, पोरगी हुशार आहे, पण तिले तिथं ठेवू कोणापाशी?’ त्याला माझ्याकडे उत्तर नसते. उत्तर त्या वसाहतीत कुलूपबंद पडलेले आहे.

ज्या सार्वजनिक आस्थापनांनी आजवर या विषयाकडे पाहिलेच नाही, त्यांच्याबद्दल मला अधिक बोलायचे आहे, कारण खेड्याच्या दृष्टीने खरी उणीव तिथे आहे. कायदा सरकारी आस्थापनेलाही लागू आहे. तरी जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाने, एखाद्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेने किंवा पाटबंधारे विभागाच्या यांत्रिकी शाखेने आमच्या मुलांसाठी शिकाऊ उमेदवारीच्या जागा काढल्याचे मी आमच्या तालुक्यात पाहिलेले नाही. २०१९ पासून जल जीवन मिशनखाली गावोगावी विहिरी, टाक्या, नळजोडण्या झाल्या. पंप बसवला तो कंत्राटदाराने, आणि तो निघून गेला. पंप बिघडला की तालुक्याहून माणूस आणावा लागतो, तो दोन दिवसांनी येतो, आणि तेवढे दिवस बाया पुन्हा जुन्या विहिरीवर जातात. नळ कारागीर आणि वीजतंत्री हे दोन्ही व्यवसाय आयटीआयमध्ये शिकवले जातात. पाणीपुरवठा विभागाने दर तालुक्यात अशी चार-सहा मुले वर्षभर आपल्या अभियंत्याच्या आणि जुन्या ऑपरेटरच्या हाताखाली ठेवली, पंप उतरवणे, केबलचा सांधा पाणी शिरणार नाही असा भरणे, क्लोरीनची मात्रा देणे त्यांना शिकवले, तर त्या मुलांना गावातच काम मिळेल आणि गावाचे पाणी तटणार नाही. सौर कृषिपंपांचेही तेच आहे. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेतून शेतांवर पॅनेल आले. वादळाने पॅनेल उलटले किंवा कंट्रोलर बंद पडला तर शेतकरी कंपनीच्या टोल-फ्री क्रमांकावर तक्रार देऊन वाट पाहतो. जी आस्थापना योजना राबवते, तिने दुरुस्ती करणारी माणसे त्या त्या तालुक्यात तयार करण्याची जबाबदारीही घ्यावी, हे मागणे फार मोठे नाही.

आता नोकरीचे. शिकाऊ उमेदवारी पूर्ण केली म्हणून नोकरी देण्याचे बंधन कायद्याच्या कलम २२ नुसार मालकावर नाही. २०१४ च्या दुरुस्तीने एवढेच सांगितले की आपल्याकडे शिकलेल्यांना नोकरीत घेण्याबाबत प्रत्येक मालकाने स्वतःचे धोरण ठरवावे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली उत्तर प्रदेश राज्य परिवहन महामंडळाच्या प्रकरणात म्हटले होते की इतर बाबी समान असतील तर थेट उमेदवारापेक्षा प्रशिक्षित शिकाऊ उमेदवाराला प्राधान्य द्यावे, त्याला सेवायोजन कार्यालयाकडून नाव येण्याची अट नसावी आणि प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेने वर्षवार यादी ठेवावी. रेल्वेने लेव्हल-१ च्या, म्हणजे सर्वांत खालच्या वेतनस्तराच्या, थेट भरतीत २० टक्के जागा आपल्याकडे शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी ठेवल्या आहेत. आयुधनिर्माणींनीही रासायनिक संयंत्राच्या व्यवसायात आपल्याकडे शिकलेल्यांना मुदतीच्या नेमणुकांवर घेतले आहे. मला या दोन्हींत एक साधा व्यवहार दिसतो : ज्या मुलाला आपण घडवले त्याचा हात आपल्याला माहीत आहे, मग अनोळखी माणूस का शोधायचा? विदर्भातल्या राज्य शासनाच्या कंपन्यांनी आणि महामंडळांनी आपले धोरण असेच स्पष्ट, लेखी आणि मराठीत जाहीर केले तर मुलांच्या मनातला संभ्रम मिटेल. आज कोणी त्यांना सांगते की अप्रेंटिस केली की परमनंट होतोच; दुसरा सांगतो की वर्ष वाया जाते. दोन्ही खोटे आहे आणि दोन्हींवर विश्वास ठेवून मुले निर्णय घेत आहेत.

शेवटी एक मागणी, जी मी तालुक्यातल्या एका-दोन अधिकाऱ्यांसमोर मांडली आहे आणि इथेही मांडतो. शिकाऊ उमेदवारांच्या जाहिरातीत व्यवसाय, जागा, आरक्षण, वय आणि विद्यावेतन छापलेले असते. त्यात आणखी एक रकाना असावा : त्या व्यवसायातले किती कायम कुशल कर्मचारी त्या विभागात आज प्रत्यक्ष कामावर आहेत आणि त्यांपैकी किती जणांना शिकवण्याचे काम नेमून दिले आहे. ज्यांना नेमून दिले त्यांच्या रोजच्या कामातून तेवढे तास वजा करावेत, त्यांना थोडा भत्ता द्यावा आणि मुलाच्या नोंदवहीवर दर आठवड्याला त्यांचीच सही असावी. चाळीस जागा आणि शिकवणारे तीन, असे ज्या विभागात दिसेल तिथे एक तर जागा कमी कराव्यात किंवा रिक्त पदे भरावीत. निवृत्त लाइनमन आणि मेकॅनिक याच तालुक्यात राहतात, त्यांना मानधनावर बोलावण्याचीही सोय करता येईल. त्यांपैकी जे मला भेटतात ते सगळे यायला तयार आहेत. हा रकाना छापला गेला तर माझ्याकडे विचारायला येणाऱ्या पालकाला मी यादीतल्या जागा मोजून दाखवण्याऐवजी तो आकडा दाखवीन आणि मुलाला कुठे पाठवायचे, हे त्याचे त्याला ठरवता येईल.